उतार सायकलचा, चढ रेल्वेचा

इतिहासाच्या पेपरात एका मार्काला हमखास येणारी तारीख आपल्या सगळ्या वर्गाला पाठ होती : १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे. आपण शिकलो पुण्यात, पण पुण्यापर्यंत रेल्वे कशी आली, हे मला समजलं ते थेट चाळिशीत आणि तेही सायकलमुळे.

आम्हा चार-पाच मैत्रिणींचा सायकलचा गट आहे. पावसाळा संपला की एखाद्या रविवारी पहाटे पुण्याहून निघायचं. जुन्या हायवेने लोणावळा, खंडाळा, मग घाट उतरून खोपोली आणि तिथून कर्जत. साधारण ९५ किलोमीटर होतात. कर्जतला सायकली सामान म्हणून नोंदवायच्या आणि पुण्याची गाडी पकडायची. "परत सायकलने का नाही?" असं घरी विचारतात. याचं उत्तर सह्याद्रीच देतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर, लोणावळा सुमारे ६२०. म्हणजे ६५ किलोमीटरमध्ये फारसा चढ नाही. खंडाळा सोडलं की मात्र थोड्याच अंतरात जमीन सुमारे ५०० मीटर खाली उतरते. हा उतार उतरायचा सायकलने आणि चढायचा रेल्वेने.

गंमत अशी, की एके काळी प्रवाशांना हाच मधला तुकडा रेल्वेविना पार करावा लागत असे. मुंबईकडून रूळ १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत आले. १८५८ मध्ये पुणे ते खंडाळा गाडी सुरू झाली. मध्ये उभा घाट. पुण्याहून निघालेला माणूस खंडाळ्याला उतरायचा, पालखीने, तट्टावरून किंवा गाडीने घाट उतरायचा आणि खोपोलीला दुसऱ्या आगगाडीत बसायचा. हा रस्ता गव्हर्नर माल्कमच्या काळात, १८३० साली, चाकाच्या गाड्यांसाठी खुला झाला होता. त्याच काळातला अमृतांजन पूल २०२० च्या एप्रिलमध्ये पाडला, हे तुमच्यापैकी अनेकांनी बातम्यांत पाहिलं असेल.

रूळ जोडायला १८६३ साल उजाडलं. जेम्स बर्कली हा मुख्य इंजिनियर. सुमारे २५ किलोमीटरचा चढ, २५ बोगदे, आणि काही ठिकाणी ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर, असा तीव्र चढ. एका जागी तर वळायलाच जागा नव्हती. तिथे गाडी थांबवून, इंजिन दुसऱ्या टोकाला लावून, उलट्या दिशेने पुढे न्यायचे. ही कसरत १९२९ मध्ये नवा मार्ग झाल्यावर संपली.

इंजिनियर म्हणून मला या हिशेबांचं कौतुक वाटतंच. पण त्याहून जास्त लक्षात राहिली ती अॅलिस ट्रेडवेल. पहिल्या ठेकेदाराने काम सोडल्यावर १८५९ मध्ये तिचा नवरा सॉलोमन हा ठेका घेऊन इंग्लंडहून आला आणि काही आठवड्यांतच आजाराने गेला. अॅलिस परत गेली नाही. दोन अनुभवी इंजिनियर हाताशी धरून तिने नवऱ्याचा ठेका पुरा केला. आपण मुली अकरावीत शास्त्र शाखेकडे वळत होतो, तेव्हा ही गोष्ट कुणी सांगितली असती तर किती बरं झालं असतं!

आणि तरी अॅलिसचं नाव निदान सापडतं. ऐन भरात या कामावर ४० हजारांहून अधिक माणसं राबत होती. कड्यावरून दोराला लटकून सुरुंगाची भोकं पाडणारी, पाट्या वाहणारी. पटकीच्या साथीत आणि अपघातांत त्यांतली हजारो गेली. त्यांची नावं आपल्याला कुठल्याच इयत्तेत भेटली नाहीत.

जुन्या घाटरस्त्यावर शिंग्रोबाचं देऊळ आहे. साहेबाला घाटातली वाट दाखवणारा हा धनगर. बक्षीस काय हवं, असं विचारल्यावर त्याने देशाचं स्वातंत्र्य मागितलं आणि साहेबाने त्याला गोळी घातली, अशी दंतकथा आहे. कागदोपत्री पुरावा शोधू गेलं तर हाती फारसं लागणार नाही. पण वाट माहीत असणारा माणूस इथलाच असणार आणि त्याच्या वाट्याला मोबदला आला नसणार, हे लोकांनी आपल्या पद्धतीने लक्षात ठेवलं आहे. येणारे-जाणारे ड्रायव्हर अजून तिथे नाणं टाकतात. आम्हीही ब्रेक दाबून थांबतो, पाणी पितो, नाणं ठेवतो.

कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं जोडतात. ती ढकलतात तेव्हा कुठे गाडी घाट चढते. आपण वडापाव खात खिडकीतून बोगदे मोजत वर येतो. दिवसभर जे पायांनी उतरलो ते तासाभरात, बसल्या जागी चढून होतं. ही सोय कुणाच्या कष्टांवर उभी आहे, ते सायकलने घाट उतरल्यावर नीट कळतं. गाडीत झोपून गेलं तर कळत नाही.

दिवाळीनंतर पुढची फेरी आहे. बॅचमधल्या कुणालाही यायचं असेल तर जरूर कळवा. गुडघे कुरकुरत असतील तर संध्याकाळी थेट कर्जत स्टेशनवर या. घाट सगळे मिळून चढू. आणि इतिहासाच्या बाई आल्या, तर खिडकीची जागा त्यांची!