शिरूरच्या मुली आणि राष्ट्रांनी दिलेला शब्द

आपल्या मांजरीहून मुळामुठा ओलांडून वाघोलीस गेले की नगररस्ता लागतो, आणि तोच रस्ता पुढे शिरूरला जातो. आपल्याच जिल्ह्यातील हे तालुक्याचे गाव. तेथे मतिमंद मुलींसाठी एक सरकारी गृह होते. (हा शब्द त्या काळच्या दप्तरातला, आता बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्ती असे म्हणतात, आणि तेच बरे.) सन १९९४ च्या फेब्रुवारी महिन्यात या गृहातील काही मुलींना पुण्याच्या ससून रुग्णालयात आणून त्यांची गर्भाशये शस्त्रक्रियेने काढून टाकण्यात आली. त्या आजारी नव्हत्या.

कारण सांगण्यात आले ते स्वच्छतेचे. पाळीच्या दिवसांत या मुलींना स्वतःची निगा राखता येत नाही, असे म्हणणे होते. अशी लेक जिने घरी सांभाळली आहे तिला ही अडचण ठाऊक असते. ती खोटी नव्हे. परंतु अडचण मुलींची की त्यांना सांभाळणाऱ्या व्यवस्थेची? पुरेशा दाया, पुरेसे कपडे, पुरेसे पाणी दिले असते तर सुरीची गरज पडली असती काय? स्त्री-संघटनांनी हाच प्रश्न विचारला. दुसरे असे की, गर्भ राहिला नाही म्हणजे अत्याचार झाला नाही असे होत नाही. तो उघडकीस येण्याची वाट तेवढी बंद होते. पुष्कळ ओरड झाल्यावर राहिलेल्या शस्त्रक्रिया थांबविण्यात आल्या आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले.

आता एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने मतिमंदांच्या हक्कांचा जाहीरनामा १९७१ सालीच काढला होता. शक्य असेल तेथवर या व्यक्तींना इतर माणसांसारखेच हक्क आहेत, असे त्यात म्हटले होते. त्याच्याही आधी, १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघेल अशी शब्दयोजना होती, ती बदलून ‘सर्व मानव’ अशी करून घेतली ती आपल्या हंसाबेन मेहता यांनी. म्हणजे शब्द दिलेला होता. मग तेवीस वर्षांनी शिरूरच्या मुलींच्या उपयोगी तो का पडला नाही?

याचे उत्तर आपल्या घरच्या व्यवहारातच आहे. सुपारी फुटली म्हणजे लग्न लागले असे नव्हे. जाहीरनामा ही सुपारी. करारावर सही करून पुढे त्यास रीतसर मान्यता देणे हे लग्न. पण नांदणे सुरू होते ते कायदा झाल्यावर. आंतरराष्ट्रीय करारांविषयी आदर वाढवावा असे आपल्या घटनेचे ५१ वे कलम सांगते, आणि ते अमलात आणण्यासाठी कायदा करण्याचा अधिकार २५३ वे कलम संसदेस देते. तोवर कचेरीतल्या साहेबास तो करार दाखवून अडविता येत नाही.

पहिला कायदा झाला तो १९९५ साली. आशिया-पॅसिफिक भागातील देशांनी १९९२ मध्ये बीजिंग येथे अपंगांच्या समान सहभागाची घोषणा केली होती, तिच्या पाठोपाठ. त्यात शिक्षण आले, नोकऱ्या आल्या. बाईच्या देहाविषयी मात्र अक्षर नव्हते.

मधल्या काळात न्यायालयांनी एक वाट पाडली. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या छळाविषयीचा विशाखा निकाल आपण ऐकून आहोत. कायदा नसताना सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये स्त्रियांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेऊन नियम घालून दिले. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा करार राष्ट्रसंघाने २००६ च्या डिसेंबरात स्वीकारला आणि भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी त्यास मान्यता दिली. त्याच्या २३ व्या कलमात दिव्यांगांची जननक्षमता इतरांप्रमाणेच अबाधित राहील असे आहे. पुढे २००९ मध्ये चंदीगडच्या सरकारी आश्रयगृहातील एका अनाथ तरुणीचा खटला आला. तिच्यावर बलात्कार होऊन तिला दिवस गेले होते. ती मूल ठेवू म्हणत होती. उच्च न्यायालयाने गर्भपाताचा हुकूम दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो रोखला, तिची संमती नाही म्हणून, आणि या कामी तो १९७१ चा जाहीरनामा व २००७ ला मान्य केलेला करार, दोन्हींचा आधार घेतला. जुना शब्द अखेर एका मुलीच्या कामी आला तो असा.

मग २०१६ चा कायदा झाला. त्याच्या १० व्या कलमानुसार कोणाही दिव्यांग व्यक्तीवर तिने समजून-उमजून, मोकळेपणी संमती दिल्याखेरीज वंध्यत्व आणणारी शस्त्रक्रिया करता येत नाही. शिरूरला जे घडले त्याचे उत्तर बावीस वर्षांनी छापून आले!

तथापि दोन खिडक्या उघड्या राहिल्या आहेत. कराराबरोबर एक जोडपत्र आहे. त्यास रीतसर मान्यता देणाऱ्या देशातील माणसास थेट राष्ट्रसंघाच्या समितीकडे गाऱ्हाणे नेता येते. भारत त्यात सामील झालेला नाही. आणि आपल्याच कायद्याचे ९२ वे कलम स्त्रीच्या संमतीवाचून गर्भपात करणाऱ्यास सहा महिने ते पाच वर्षे कैद सांगते खरे, परंतु अपंगत्व ‘तीव्र’ असेल तर डॉक्टरांचे मत आणि पालकाची संमती एवढ्यावर भागते. तीव्र म्हणजे किती, हे त्या कलमात सांगितलेले नाही. ते ठरविण्यापूर्वी तिच्याशेजारी बसून तिला विचारायचे कोणी, हेही नाही.