बिडी अर्लीचा शाप आणि क्लेअरची एक्क्याऐंशी वर्षे

दंतकथेची चिकित्सा करताना पहिला प्रश्न कालक्रमाचा विचारावा, असा अभ्यासकांचा साधा संकेत आहे. आयर्लंडच्या पश्चिमेकडील क्लेअर काउंटीच्या हर्लिंग संघाबाबत सांगितली जाणारी शापकथा या पहिल्याच प्रश्नाला अडखळते. तरीही ती दोन-तीन पिढ्या टिकली, आणि ती का टिकली हे पाहू गेल्यास संघाचा इतिहास अधिक नेमका हाती लागतो.

हर्लिंग हा आयर्लंडचा प्राचीन खेळ. अ‍ॅश वृक्षाच्या लाकडाची वक्र काठी, चामड्याचा लहान चेंडू आणि दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खेळाडू. चेंडू आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. दांडीवरून गेला तर एक गुण. म्हणून धावफलकावर गोल आणि गुण वेगळे मांडतात: १-१३ म्हणजे एकूण सोळा. या खेळाला आधुनिक संघटना मिळाली ती १ नोव्हेंबर १८८४ रोजी, थर्लस गावी, ‘गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन’च्या स्थापनेने. संस्थापक मायकेल क्युसॅक हा क्लेअरमधल्या कॅरनचा. साहित्याच्या विद्यार्थ्यांना तो वेगळ्या वाटेने भेटलेला असतो: जेम्स जॉइसच्या ‘युलिसिस’मधला तो गर्जणारा ‘नागरिक’ क्युसॅकवरून बेतला, असे सामान्यतः मानले जाते.

संस्थापकाच्या या काउंटीने अखिल आयर्लंड विजेतेपद पहिल्यांदा मिळवले ते १९१४ साली. अँबी पॉवरच्या नेतृत्वाखाली संघाने अंतिम सामन्यात लीश काउंटीला ५-१ विरुद्ध १-० असे हरवले. संघाचा प्रशिक्षक जिम ओहेहिर. पुढे रेडिओवरील समालोचनाने देशभर घरोघरी पोहोचलेला मिहाल ओहेहिर हा त्याचाच मुलगा. त्यानंतर मात्र हे विजेतेपद क्लेअरकडे एक्क्याऐंशी वर्षे फिरकले नाही. १९३२ साली संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि किल्केनीकडून तीन गुणांनी हरला.

या दीर्घ पराभवाला लोकांनी एक कर्ती शोधली: फीकल परिसरातली बिडी अर्ली. ही जडीबुटी देणारी, भविष्य सांगणारी बाई. तिच्याकडे एक गूढ बाटली होती आणि त्या बाटलीत तिला भविष्य दिसे, अशी ख्याती. धर्मगुरूंशी तिचे कायम वाकडे. १८६५ साली एनिसच्या न्यायालयात तिच्यावर चेटकाचा खटला झाला, पण पुराव्याअभावी ती सुटली. लेडी ग्रेगरी यांनी तिच्याविषयीच्या आठवणी शेजारच्या खेड्यांतून गोळा केल्या आणि १९२० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या संग्रहात त्यांना जागा दिली. अशा या बाईने क्लेअरच्या हर्लिंग संघाला शाप दिला, अशी कथा. अडचण एवढीच, की बिडी अर्ली वारली १८७४ साली. संघटना स्थापन होण्याच्या दहा वर्षे आधी. जो संघ अस्तित्वातच नव्हता त्याला तिने शाप द्यायचा कसा? शिवाय १९१४चा विजय या शापातून सुटला कसा?

कथेतली चूक दाखवून थांबणे सोपे आहे. पण चूक कोणत्या गरजेतून जन्मली, हा प्रश्न अधिक फलदायी ठरतो. मेयो काउंटीच्या फुटबॉल संघाने १९५१ नंतर विजेतेपद मिळवलेले नाही. तिथेही एका शापाची गोष्ट सांगतात. पराभव लांबला की त्याला आरंभ हवासा वाटतो, आणि आरंभाला एखादा चेहरा. क्लेअरला तो चेहरा आयता उपलब्ध होता.

हिशेबवही मात्र वेगळी कारणे सांगते. पहिले कारण माणसांचे. १८४१ साली क्लेअरची लोकसंख्या दोन लाख शहाऐंशी हजारांवर होती. दुष्काळ आणि त्यानंतरचे अखंड स्थलांतर यांमुळे १९६६ साली ती चौऱ्याहत्तर हजारांच्याही खाली आली. खेळ हौशी, काउंटीचा संघ तिथल्याच गावांतल्या क्लबांमधून उभा राहतो, बाहेरून खेळाडू विकत आणता येत नाहीत. त्यातही पश्चिम क्लेअर मुख्यतः फुटबॉलचे, हर्लिंग पूर्वेकडचे. बोटीत बसलेला प्रत्येक तरुण हा मैदानावरून कमी झालेला संभाव्य खेळाडू होता.

दुसरे कारण स्पर्धेच्या रचनेचे. क्लेअरला आधी मन्स्टर प्रांत जिंकावा लागे, आणि तिथे कॉर्क, टिपरेरी, लिमरिक हे बलाढ्य शेजारी. बाद पद्धतीत एक पराभव म्हणजे वर्ष संपले. १९७७ आणि १९७८ साली क्लेअरने राष्ट्रीय लीग जिंकली, म्हणजे संघ दुबळा नव्हता. पण त्या दोन्ही वर्षी मन्स्टरच्या अंतिम सामन्यात कॉर्कने त्याला अडवले. १९८१, १९८६, १९९३, १९९४: प्रांताच्या अंतिम सामन्यातली हीच हार पुन्हा पुन्हा.

१९७७-७८च्या त्या संघातला जेर लॉकनन १९९४ साली व्यवस्थापक झाला. तो फीकलचा, म्हणजे बिडी अर्लीच्याच गावचा. दंतकथेला याहून चांगला योगायोग मिळाला नसता. हिवाळाभर संघाकडून अत्यंत कठोर सराव करून घेतला गेला. मन्स्टरच्या अंतिम सामन्यात लिमरिकविरुद्ध गोलरक्षक डेव्ही फिट्झजेराल्डने मैदान ओलांडून पेनल्टीवर गोल केला आणि धावत आपल्या जागी परतला. त्रेसष्ट वर्षांनी प्रांत जिंकला गेला. ३ सप्टेंबर १९९५ रोजी डब्लिनच्या क्रोक पार्कवर ऑफलीविरुद्ध बदली खेळाडू एमन टॅफने शेवटच्या मिनिटांत गोल केला. निकाल १-१३ विरुद्ध २-८. अँथनी डेलीने करंडक उचलला आणि शाप उतरल्याची चर्चा झाली.

इथे कथेची किंमत लक्षात येते. पराभूतांना शाप दिलासा देतो, कारण दोष त्यांच्यावरून उतरतो. पण विजयाच्या दिवशी तीच कथा श्रेयातही वाटा मागते. हिवाळ्यातल्या चिखलात गाळलेल्या घामाचे फळ मग शतकापूर्वी वारलेल्या बाईच्या क्षमेसारखे दिसू लागते.

पुढचा इतिहास रचनेचे कारण अधिकच स्पष्ट करतो. १९९७पासून पराभूत संघांना दुसरी संधी मिळू लागली. त्या वर्षी क्लेअरने टिपरेरीला आधी मन्स्टरच्या आणि मग अखिल आयर्लंडच्या अंतिम सामन्यातही हरवले. दुसऱ्यांदा अवघ्या एका गुणाने. २०१३ साली क्लेअर मन्स्टरमध्ये कॉर्ककडून हरले, पण त्याच कॉर्कला पुनर्सामन्यात ५-१६ विरुद्ध ३-१६ असे नमवून विजेते ठरले. २०२४ साली ते प्रांताच्या अंतिम सामन्यात लिमरिककडून हरले आणि नंतर जादा वेळेत कॉर्कवर ३-२९ विरुद्ध १-३४ असा एका गुणाने विजय मिळवून पुन्हा विजेते झाले. जुन्या पद्धतीत ही शेवटची दोन्ही विजेतेपदे अशक्य होती. १९७८ किंवा १९८६चा संघ ज्या दारात थांबला, ते दार एव्हाना उघडे होते.

त्या आधीच्या संघांच्या नावे करंडक नाही आणि दंतकथेत त्यांना नावेही नाहीत. तिथे नाव आहे ते एकट्या बिडी अर्लीचे. इतिहासलेखनाने निदान एवढे करावे, की हरलेल्यांचा पराभव त्यांना परत द्यावा: त्यांच्या वर्षासह, गुणांसह आणि कारणांसह.