मुखदुर्गंधीची कारणमीमांसा व उपचारांचा इतिहास : ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसराच्या संदर्भात

मुखदुर्गंधी हा वैद्यकाचा विषय मानला जातो. इतिहासलेखनात त्याला सहसा स्थान मिळत नाही. तथापि ही दुर्गंधी घालविण्यासाठी कोणत्या काळी काय केले गेले हे पाहू लागल्यास दुर्गंधी झाकणे आणि तिचे मूळ काढणे या दोन भिन्न गोष्टींची सतत गल्लत होत आल्याचे आढळते. ठाणे, कल्याण व डोंबिवली परिसरात ही गल्लत विशेष स्पष्टपणे दिसते. येथे आयुर्वेदीय दंतमंजनाचा मोठा कारखाना उभा राहिला आणि त्याच परिसरातील अनेक कुटुंबांत तंबाखूची मिश्रीही टिकून राहिली.

प्राचीन वैद्यकात या दोहोंतील भेद ओळखला गेला होता. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात दिवसातून दोन वेळा, हिरड्यांना इजा न होता, तुरट-तिखट-कडू रसाच्या काडीने दात घासण्यास सांगितले आहे. त्यालगतच जीभ खरवडण्याचा विधी येतो. जिभेच्या मुळाशी साचलेला मळ दुर्गंधी उत्पन्न करतो, म्हणून सोने, रुपे, तांबे, कथील वा पितळ यांच्या, धार नसलेल्या वाकड्या पट्टीने जीभ स्वच्छ करावी, असे हे सूत्र आहे. जायफळ, लवंग, कंकोळ, वेलची, कापूर व विड्याचे पान तोंडात धरण्याचा उपाय तेथेच सांगितला असला, तरी तो स्वच्छतेनंतरचा आहे. हा क्रम महत्त्वाचा होय. पुढील काळात लोकाचारात विडा राहिला, जिभेची पट्टी मात्र मागे पडत गेली. विड्याला मानपानाचे व धर्मकृत्याचे पाठबळ होते; जीभ खरवडण्याला असे कोणतेच पाठबळ नव्हते. जुन्या ठाणे जिल्ह्यात तर वसईचे पानमळे प्रसिद्ध होते. (2014 मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाल्यापासून वसई त्यात मोडते.)

सर्वसामान्यांच्या घरी दात घासण्यासाठी राखुंडी, मीठ-कोळसा, बाभळीची वा निंबाची काडी वापरली जाई. मिश्रीचे स्थान यांच्याच पंक्तीत होते आणि तिचे खरे अनिष्ट येथेच आहे. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून तिची पूड करावयाची व ती बोटाने दातांना व हिरड्यांना लावावयाची, अशी ही रीत. कोकण व देशावरून मुंबईच्या गिरण्यांत आणि नंतर ठाण्याच्या वागळे इस्टेटसारख्या औद्योगिक वसाहतींत आलेल्या कामगार कुटुंबांबरोबर ती शहरातही आली. विडी ओढणे स्त्रीला अशोभनीय मानले जाई, परंतु मिश्री लावणे म्हणजे दात घासणे, अशी समजूत असल्याने तिला कोणी व्यसन म्हणत नसे. तोंड स्वच्छ होते व शौचास साफ होते, असा तिच्या बाजूने युक्तिवाद असे. प्रत्यक्षात तंबाखूमुळे हिरड्यांचे विकार वाढतात, त्यातून दुर्गंधी वाढते आणि ती घालविण्यासाठी पुन्हा मिश्रीच लावली जाते. मुखकर्करोगाचा धोका तो निराळाच. केंद्र शासनाने 1992 मध्ये टूथपेस्ट व दंतमंजनात तंबाखू वापरण्यास मनाई केली. परंतु घरच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीपर्यंत हा नियम पोहोचणे शक्यच नव्हते.

याच सुमारास बाजारातील मंजनाचा प्रसार झाला होता. कोलगेट-पामोलिव्हची भारतीय कंपनी 1937 मध्ये स्थापन झाली. केशव विष्णु पेंढरकर यांनी 1952 मध्ये मुंबईत विको लॅबोरेटरीजची स्थापना केली. वज्रदंती हे तिचे दंतमंजन. पुढे या कंपनीचा कारखाना डोंबिवलीस झाला. वज्रदंतीसारखे उत्पादन सौंदर्यप्रसाधन की आयुर्वेदीय औषध, यावर अबकारी खात्याशी सत्तरच्या दशकापासून दीर्घकाळ वाद चालला व अखेर सर्वोच्च न्यायालयातही निकाल कंपनीच्या बाजूने लागला. वाद कराचा असला, तरी त्यात दडलेला प्रश्न जुनाच आहे : तोंडाची निगा ही शोभा की चिकित्सा? जाहिरातींनी या प्रश्नाला बगल दिली. अमेरिकेत 1920 च्या दशकात लिस्टरिनच्या जाहिरातींनी 'हॅलिटोसिस' हा अवघड वैद्यकीय शब्द घरोघरी नेला. भीती लोकलाजेची होती, रोगाची नव्हे. डोंबिवली-ठाण्याच्या गच्च भरलेल्या लोकलमध्ये रोज उभे राहणाऱ्यांना ही लोकलाज वेगळी समजावून सांगावी लागली नसेल.

दुर्गंधीची रासायनिक उकल विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाली. कॅनडातील जोसेफ टॉन्झेटिच यांच्या संशोधनातून हायड्रोजन सल्फाइड व मिथाइल मरकॅप्टन ही गंधकयुक्त वायुरूप द्रव्ये प्रमुख कारण ठरली. प्राणवायूविना वाढणारे जिवाणू अन्नकण, लाळ व झडलेल्या पेशींतील प्रथिनांचे विघटन करतात, त्यातून ही द्रव्ये निर्माण होतात. त्यांचे मुख्य आश्रयस्थान जिभेचा मागील भाग व हिरड्यांतील पोकळ्या हे होय. चरकाचे 'जिभेचे मूळ' येथे अनपेक्षितपणे पुन्हा भेटते. यावरून प्राचीनांना जिवाणू ठाऊक होते असा निष्कर्ष काढणे मात्र अनैतिहासिक ठरेल. त्यांचे निरीक्षण अचूक होते, एवढेच म्हणता येते.

बहुसंख्य रुग्णांत दुर्गंधीचे मूळ तोंडातच असते. पोट साफ नसल्याने तोंडाला वास येतो ही समजूत आजही दृढ आहे, आणि त्यापायी रेचके घेणारे हिरड्या तपासून घेत नाहीत. टॉन्सिलमधील खडे, सायनसचा विकार, अनियंत्रित मधुमेह, मूत्रपिंड व यकृताचे आजार, तसेच औषधांमुळे पडणारी तोंडाची कोरड ही उर्वरित कारणे होत. दातांवरील किटण काढणे, हिरड्यांवर उपचार, जिभेची रोजची स्वच्छता हे खरे उपाय. क्लोरहेक्सिडीनच्या गुळण्या उपयुक्त असल्या, तरी दीर्घकाळ वापरल्यास दातांवर डाग पडतात.

महाराष्ट्रात 2012 मध्ये गुटख्यावर बंदी आली. मिश्री तिच्या कक्षेबाहेरच राहिली. दवाखान्यात "तंबाखू खाता का?" या प्रश्नाला मिश्री लावणारी स्त्री प्रामाणिकपणे "नाही" असे उत्तर देऊ शकते, कारण तिच्या लेखी ते मंजन असते. तोंडातील न भरणारी जखम अशा उत्तरामागे राहून जाण्याचा संभव असल्याने, मिश्रीविषयीचा प्रश्न तिच्या नावानिशी स्वतंत्रपणे विचारावा लागतो.