शिक्षणकृती, घरगुती (बालवाडी-वयातील)

तीन ते सहा वर्षांची मुले घरात, घरच्या माणसांसोबत आणि घरातल्याच वस्तू घेऊन जी कामे व खेळ करतात आणि ज्यांतून त्यांचे शिकणे घडते, त्यांना मिळून ही संज्ञा वापरतात. धान्य निवडणे, कपड्यांच्या घड्या घालणे, मणी ओवणे, गोष्ट ऐकणे व ती आपल्या शब्दांत पुन्हा सांगणे, भातुकली, बडबडगीते, डोळे मिटून वासावरून मसाल्याचा पदार्थ ओळखणे, अंगणात खडूने रेघोट्या ओढणे ही त्यांची नेहमीची रूपे होत. शाळेत झालेले घरी पुन्हा गिरवून घेणे हा गृहपाठ. तो या नोंदीच्या कक्षेत येत नाही. बालवाडीच्या मुलाला गृहपाठ असू नये, याबद्दल बालशिक्षणाच्या अभ्यासकांत फारसे दुमत नाही.

इतिहास : लहान मुलाचे शिक्षण घरात सुरू होते व त्याची पहिली शिक्षिका आई असते, हा विचार युरोपात कोमेनियसने मातृशाळेविषयीच्या आपल्या पुस्तकात (1633) पद्धतशीरपणे मांडला. पेस्टालॉत्सीने 1801 मध्ये गर्ट्रूड या आईचे नाव शीर्षकात असलेल्या पुस्तकात आपली शिक्षणपद्धती सांगितली. फ्रीड्रिख फ्रबेलने 1837 मध्ये जर्मनीतील ब्लांकेनबुर्ग येथे काम सुरू केले व 1840 मध्ये त्याला किंडरगार्टन हे नाव दिले. लोकरीचे रंगीत चेंडू, लाकडी गोल, घन व दंडगोल ही त्याची साधने जगभरच्या वर्गांत पोहोचली. आयांनी मुलांसोबत खेळायच्या गाण्यांचे सचित्र पुस्तकही त्याने 1844 मध्ये काढले होते. वर्गातील साधनांच्या मानाने त्याकडे लक्ष कमी गेले, ही बालशिक्षणाची मोठी हानी होय. मारिया माँटेसरी यांनी 1907 मध्ये रोममध्ये पहिले बालगृह उघडले. त्यांच्या पद्धतीतील ‘जीवनव्यवहाराच्या कृती’, म्हणजे पाणी ओतणे, बटणे लावणे, झाडणे, पुसणे, मुळात घरकामेच आहेत. 1939 मध्ये त्या भारतात आल्या आणि महायुद्धाच्या काळात येथेच राहिल्या.

त्याआधीच गिजुभाई बधेका यांनी भावनगरला 1920 मध्ये दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले होते. मुलांइतकेच ते पालकांसाठीही लिहीत. ताराबाई मोडक (1892–1973) त्यांना येऊन मिळाल्या. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि ‘शिक्षणपत्रिका’ हे त्याचे मासिक गुजराती, मराठी व हिंदीतून पालकांपर्यंत पोहोचू लागले. मराठी आवृत्तीची धुरा ताराबाईंकडे होती. 1936 मध्ये त्यांनी दादरला शिशुविहार काढले.

बोर्डी व कोसबाड : मराठीतील या विषयाचे सर्वांत मोलाचे प्रयोग पूर्वीच्या ठाणे, आताच्या पालघर जिल्ह्यात झाले. 1945 मध्ये ताराबाईंनी समुद्रकाठच्या बोर्डी गावात ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. पुण्याच्या अनुताई वाघ (1910–1992) तेथेच त्यांना मिळाल्या व अखेरपर्यंत त्या कामात राहिल्या. मध्यवर्ती बालवाडीत गावातील सवर्ण व सुस्थितीतील घरांची मुले येत. दलित व आदिवासी वस्त्यांतील मुले येत नसत. आईबाप उजाडताच मजुरीला जात, मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन दिवस काढी. तेव्हा मुले येत नाहीत तर शिक्षिकांनीच त्यांच्या अंगणात जायचे, असे ठरले. झाडाखाली किंवा झोपडीपुढील सारवलेल्या जागेत भरणारी ती अंगणवाडी. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर वारली वस्तीत गेले. गुरे राखणाऱ्या थोड्या मोठ्या मुलांसाठी चराईच्या जागीच कुरणशाळा भरू लागली, आणि पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एका छत्राखाली आणणारी विकासवाडी आकाराला आली. 1975 मध्ये केंद्र शासनाने 33 प्रकल्पांनिशी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेले.

घरगुती कृतींच्या दृष्टीने कोसबाडकडे पाहण्याचे कारण असे की तेथे शिकण्याची जागा आणि राहण्याची जागा यांत भिंतच नव्हती. माँटेसरी साधने महाग व परक्या घडणीची होती. त्यांच्या जागी ताराबाईंनी खडे, शिंपले, पाने, फुले, बिया, काड्या आणल्या. लहानमोठा क्रम लावायला उतरत्या मापांचे लाकडी ठोकळेच लागतात असे नाही. एकाच झाडाची दहा पाने लहानापासून मोठ्यापर्यंत मांडली तरी डोळ्याला व हाताला तेच काम पडते. मुलांना आंघोळ घालणे, केस विंचरणे, नखे कापणे हेसुद्धा तेथे दिवसाच्या शिक्षणाचा भाग धरले जाई. अनुताईंनी ही कहाणी ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या आत्मकथनात लिहिली आहे. 1982 पासून ग्राममंगल या संस्थेने, अनुताई व रमेश पानसे यांच्या पुढाकाराने, डहाणू तालुक्यात हे काम पुढे नेले.

घरकामातील कृती : स्वयंपाकघर ही घरातील सर्वांत समृद्ध बालशाळा आहे. मूग व हरभरे एकत्र करून ताटात दिले की मूल वर्गीकरण करते. सुरुवातीला रंग व आकार दोन्ही वेगळे असलेली दोनच धान्ये घ्यावीत, मग तीन, आणि नंतर रंग जवळचे पण आकार वेगळे, उदा. राजमा व मसूर. ओतण्याची कृती आधी कोरडी करावी. एका वाटीतले तांदूळ दुसऱ्या वाटीत न सांडता जाऊ लागले की तांब्या-भांडे हातात द्यावे. डबे आणि त्यांची झाकणे वेगळी करून ठेवल्यास मूल चुकत, बदलत, स्वतःच जोड्या लावते. झाकण बसले की नाही हे डबाच सांगतो, मोठ्यांनी सांगावे लागत नाही. वाटाणे सोलणे, मेथी निवडणे, लसणीच्या पाकळ्या सुट्या करणे, दोरीवरच्या रुमालांना चिमटे लावणे यांत अंगठा व तर्जनी यांची पकड तयार होते आणि पुढे पेन्सिलीला तीच लागते. कणकेच्या गोळ्याने तळहाताला जोर येतो. आज जेवायला किती माणसे, तितकी ताटे मांड, असे सांगितले की एकास-एक जोडी लावण्याचे गणित झाले. धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावणे, चादरीची दोन टोके धरून दोघांनी घडी घालणे, रांगोळीचे ठिपके मोजून जोडणे हीही अशीच कामे.

यात दोन अटी आहेत. काम खरे असावे: मुलाने निवडलेली मेथी त्या दिवशी शिजली पाहिजे. आणि मोठ्या माणसाला घाई नसावी. मुलाने घातलेली वाकडी घडी त्याच्या डोळ्यांदेखत मोडून पुन्हा घातली तर त्या मुलाला काय कळते, याचा विचार घराघरांत व्हायला हवा. दिवसातली पंधरा-वीस मिनिटे अशी निवांत मिळाली तरी पुरतात. रोज मिळणे महत्त्वाचे.

भाषा : कृतीपेक्षा कृतीच्या वेळी होणारे बोलणे अधिक शिकवते. लसूण सोलताना ‘साल’, ‘पाकळी’, ‘कुडी’, ‘उग्र’, ‘कोरडी’ हे शब्द वस्तूसकट मुलाच्या हाती येतात. गोष्ट रोज नवी लागत नाही. चिऊ-काऊची किंवा म्हातारी व भोपळ्याची तीच गोष्ट त्याच शब्दांत पुन्हा ऐकताना मुलाला पुढचे वाक्य आधीच ठाऊक असते, आणि सांगणाऱ्याने मध्येच थांबले की ते मूल पूर्ण करते. ‘गोष्टीतून काय शिकलास?’ हा प्रश्न टाळावा. ‘मग म्हातारी घाबरली असेल का?’ हा चालतो. घरात अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी, वारली जी बोली असेल तीच या कृतींची भाषा असावी. तिला ‘अशुद्ध’ म्हणून दुरुस्त करू लागले की मूल बोलणेच कमी करते. अक्षरओळखीपूर्वी कानाची तयारी व्हावी लागते: घरातील कोणाकोणाची नावे ‘स’ने सुरू होतात, ‘कपाट’मधला ‘क’ काढला तर काय उरते, असे खेळ पोळ्या लाटता लाटताही होतात. इंग्रजी माध्यमाच्या शिशुवर्गात जाणाऱ्या मुलांनी घरी कोणती भाषा किती वापरावी याबाबत मते वेगवेगळी आहेत.

संख्या : एक ते शंभर म्हणून दाखवणे आणि मोजता येणे या वेगळ्या गोष्टी आहेत. सहा चिंचोके बरोबर मोजलेल्या मुलाला ‘मग किती झाले?’ असे विचारल्यावर ते पुन्हा एकपासून मोजू लागते. शेवटी उच्चारलेला आकडा म्हणजे सगळ्यांची संख्या, हे त्याला अजून उमगलेले नसते. गेलमन व गॅलिस्टेल यांनी 1978 मधील ग्रंथात मोजण्यामागची ही तत्त्वे उलगडून दाखवली. ही जाण समजावून सांगून येत नाही. चिंचोके, गजगे, कवड्या, पायऱ्या मोजत राहिल्याने येते.

पटावरच्या खेळांबाबत चांगला पुरावा उपलब्ध आहे. रमाणी व सीगलर यांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील अभ्यासात अल्प उत्पन्न गटातील बालवाडीच्या मुलांना एक ते दहा आकड्यांच्या सरळ पट्टीवरचा सोंगटीचा खेळ प्रत्येकी पंधरा मिनिटांच्या चार बैठकांत खेळायला दिला. आकड्यांऐवजी रंगांच्या पट्टीवर खेळलेल्या मुलांपेक्षा त्यांची संख्यांची जाण स्पष्टपणे सुधारली व काही आठवड्यांनंतरही टिकली. घरी हा पट फरशीवर खडूने आखता येतो. एक आणि दोन एवढेच दान पडेल असा फासा करावा. मूल तीनच्या घरात असून दोनचे दान पडले तर सोंगटी हलवताना त्याने ‘एक, दोन’ न म्हणता ‘चार, पाच’ म्हणावे, हा या खेळाचा गाभा आहे आणि घाईत नेमका तोच सुटतो. शंभर घरांची सापशिडी या वयाला मोठी पडते.

वीसपुढील मराठी संख्यानामांत एकक आधी उच्चारला जातो व लिहिताना दशक आधी येतो. बालभारतीच्या दुसरीच्या गणित पुस्तकात 2019 मध्ये ‘वीस एक’ अशा पर्यायी वाचनाचा समावेश झाल्यावर बराच वाद झाला. बालवाडीत दहापर्यंतची पक्की समज पुरेशी असल्याने तो प्रश्न येथे उद्भवत नाही.

लेखनपूर्व कृती : हाताची हालचाल खांद्याकडून कोपर, मनगट व शेवटी बोटांकडे येते. म्हणून आधी भिंतीवर किंवा दारावर लावलेल्या मोठ्या कागदावर, मग जमिनीवर, मग पाटीवर काढू द्यावे. धूळपाटीत, म्हणजे ताटात पसरलेल्या रव्यात किंवा बारीक वाळूत, बोटाने काढलेले पुसणे सोपे असते, त्यामुळे चुकण्याची भीती राहत नाही. अक्षरे कोणत्या वयात गिरवून घ्यावीत यावर पालक आणि शिक्षक यांचे एकमत नाही. बालशिक्षणाच्या परंपरेचा कल थांबण्याकडे आहे. सुरुवात करायचीच तर वर्णमालेच्या क्रमाऐवजी वळणाच्या साम्याने ‘ग, म, न’, ‘व, ब, क’, ‘र, स, ख’ असे गट घ्यावेत.

दक्षता : घरात तीन वर्षांखालील भावंड असेल तर मणी, चिंचोके, शेंगदाणे, चणे, बटणे त्याच्या हाती लागू देऊ नयेत, ती घशात अडकतात किंवा नाकात घातली जातात. लाल-काळी गुंज दिसायला मोहक असली तरी तिची बी फोडून किंवा चावून खाल्ल्यास अत्यंत विषारी असते. एरंडाची बीही तशीच. या दोन्ही शिक्षणसाहित्यातून वगळाव्यात. खेळण्यांतील व रिमोटमधील चपटी गोल बॅटरी गिळली गेल्यास अन्ननलिका काही तासांत भाजते, म्हणून विनाविलंब रुग्णालय गाठावे. पाणी ओतण्याची कृती चालू असताना भरलेल्या बादलीजवळ मुलाला एकटे सोडू नये.

पडद्यावरील कृती : जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शनानुसार तीन-चार वर्षांच्या मुलांचा पडद्यापुढील वेळ दिवसाला एक तासाहून अधिक नसावा, कमी असल्यास उत्तम.

शासकीय धोरण : 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 45 बदलून सहा वर्षांपर्यंतच्या बालकांची काळजी व शिक्षण यांसाठी राज्याने प्रयत्न करावेत असे ठरवले. शिक्षणहक्क कायदा (2009) मात्र 6 ते 14 वयोगटाचाच हक्क मानतो. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने 3 ते 8 हा पायाभूत स्तर धरला. त्याचा अभ्यासक्रम आराखडा 2022 मध्ये आला आणि 2023 मध्ये खेळणी, कोडी, कठपुतळ्या व चित्रपत्रांचा ‘जादुई पिटारा’. महाराष्ट्रात अंगणवाड्यांसाठी ‘आकार’ हा अभ्यासक्रम तयार करण्यात आला. मार्च 2020 पासून अंगणवाड्या व शाळा बंद राहिल्या तेव्हा शिक्षण घरातच होणार हे सर्वांना मान्य करावे लागले, आणि छोट्या कृती मोबाइलवरून आयांपर्यंत पाठवल्या जाऊ लागल्या. त्या अनुभवावर 2022 मध्ये ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारी अभियान उभे राहिले. पहिलीत येणाऱ्या मुलांचा शाळेत मेळावा घेणे, वस्तीत माता-पालक गट करणे आणि गटातील आयांनी कृतिपत्रांच्या आधारे मुलांसोबत घरी काम करणे असे त्याचे स्वरूप आहे. प्रथम ही संस्था त्यात सहभागी होती.

वडिलांचा सहभाग : अभियानातील गट मातांचेच आहेत. वडील व आजोबा यांच्यासाठी वेगळे साहित्य तयार होणे गरजेचे आहे.