वेलीचे नाव, झुडपाचे ओझे

मिरचीचे नाव उसने आहे. संस्कृतातले ‘मरीच’ म्हणजे काळी मिरी. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांतून अमेरिकेकडचे एक नवे तिखट फळ गोव्याला उतरले, तेव्हा तिखटाचे माप म्हणून लोकांच्या जिभेवर मिरीच होती. नव्या फळाला तिचेच नाव थोडे वळवून चिकटले. इंग्रजांनीही तेच केले; त्यांच्याकडे दोन्ही ‘पेपर’च. गंमत अशी, की मिरी हा वेल आहे आणि मिरची हे झुडूप. कोकणात मिरी सुपारीच्या अंगावर चढते. भिवापूरची मिरची काळ्या मातीत कुणाचाही हात न धरता उभी राहते. पण तीच मिरची, विशेषतः ढोबळी, घरातल्या खोलीत दिव्याखाली आणि खतपाण्याच्या टबात वाढवली की तिला काठी, दोरी नाहीतर जाळी द्यावी लागते. मातीविना शेती करणारे हौशी लोक ही या नव्या तंत्राची खोड समजतात. नागपूर जिल्ह्याच्या शेतीचा इतिहास वेगळे सांगतो. झाडाला आधार देणे हे इथले जुने कसब आहे, आणि तो आधार दुबळेपणावरचा उपाय म्हणून क्वचितच दिला गेला आहे. झाडाकडून मुक्काम आणि माल जास्त हवा असला, की आधार आलाच.

या कसबाचे मूळ घर रामटेकचे पानमळे. नागवेल ही मिरीची सख्खी बहीण, एकाच कुळातली, आणि रामटेकचे कपुरी पान एके काळी दूरदूरच्या बाजारांत जात असे. हा मळा बारई समाजाचा. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर जो चार खंडांचा ग्रंथ काढला, त्यात बारयांची स्वतंत्र नोंद आहे आणि नागपंचमीला मळ्यात होणाऱ्या नागाच्या पूजेचाही उल्लेख आहे. महाराष्ट्रात अशा मळ्यांत पानवेलीसाठी मेलेली काठी रोवून भागवत नाहीत. आधी शेवरी, पांगारा, शेवगा, हादगा अशी झाडे लावतात आणि त्यांच्या बुंध्याला वेल टेकवतात. शेवरी नुसती उभी राहत नाही. ती सावली धरते, वारा अडवते, पाला देते, आणि शेंगवर्गातली असल्याने मुळांवाटे जमिनीत नत्रही साठवते. वेल हाताबाहेर उंच गेला की त्याची उतरण करतात: वेल सोडवून खाली घेतात, जुन्या, पाने गेलेल्या भागाचे वेटोळे करून मातीत गाडतात आणि शेंडा पुन्हा बुंध्याला बांधतात. गाडलेल्या कांड्यांना नवी मुळे फुटतात आणि वेल वर्षानुवर्षे पाने देत राहतो. हरितगृहातले टोमॅटोवाले आज दोरी सैल करून झाड खाली उतरवतात, तेव्हा ते या उतरणीच्याच जवळचे काहीतरी करत असतात, फक्त गाडण्यापुरती माती त्यांच्याकडे नसते.

यावर कुणी म्हणेल, की ही तुलनाच चुकीची आहे. नागवेल चढणारीच, डार्विनने १८६५ साली वेलींच्या चढण्यावर स्वतंत्र निबंध लिहिला, त्यात असल्या मुळांनी चिकटून चढणाऱ्या वेलींचा वेगळा गट केला आहे. मिरची त्या जातीची नाही, मग बारयाचे शास्त्र तिला कशाला? आक्षेप रास्त आहे, पण त्याचे उत्तर रामटेकात शोधायला नको. नागपूरहून काटोलकडे निघाले की वाटेतच कळमेश्वर लागते, आणि इथून पुढे नरखेड-वरुडपर्यंत संत्र्याचा पट्टा पसरलेला आहे. संत्र्याचे झाड वेल नाही, झुडूपही नाही. लाकूड पक्के. तरीही आंबिया बहार भरघोस धरला की बागेत बांबू येतात. फळांनी वाकलेली फांदी बेचक्यात फाटू नये म्हणून तिला खालून टेकू देतात, आणि बांबूंचा खर्च बागाईतदाराच्या हिशेबात खत-पाण्याशेजारी बसतो. भक्कम झाडाला टेकू लागतो, याचा अर्थ प्रश्न झाडाच्या जातीचा नाही. फांदीने किती वाहायचे ते माणूस ठरवतो, आणि ओझे तिच्या ताकदीपुढे गेले की उरलेले वजन कुणीतरी उचलावे लागते. ढोबळी मिरचीचा घात होतो तोही बेचक्यातच. आठ-दहा पाने झाली की तिचे खोड दुभंगते, पहिले फळ बहुधा त्या दुबेळक्यावर लागते, आणि तिथली साल लाकडासारखी होण्याआधीच वजन येते. रात्रीतून फांदी चिरते. सकाळी ती आडवी लोंबत असते, फळ मात्र ताजेच.

टबातल्या मिरचीची गत याहून बिकट, कारण तिचे दोन जुने आधार काढून घेतलेले असतात. पहिला मातीचा. कॅलिफोर्नियातल्या गेरिकेने १९३७ साली ‘हायड्रोपोनिक्स’ हा शब्द रूढ केला, तेव्हा त्याच्या हौदांवर तारेची जाळी आणि तिच्यावर भुशासारख्या पदार्थांचा थर असे. मुळे पाण्यात, पण बूड त्या थरात. शोल्टो डग्लसने स्वातंत्र्याच्या आगेमागे कालिंपोंगला बसवलेल्या ‘बंगाल पद्धती’त मुळांना खडी आणि वाळूच दिली. पाण्यावर झाड जगते, उभे राहत नाही, हे दोघांनाही कळले होते. आजच्या घरगुती टबात मूठभर भाजक्या मातीच्या गोळ्या नाहीतर स्पंजाचा तुकडा असतो, एवढाच काय तो पाया. दुसरा आधार वाऱ्याचा. हलवलेले, स्पर्श केलेले रोप बुटके आणि जाड होते, हे जाफे यांनी १९७३ साली प्रयोगांनी दाखवले. बंद खोलीत झुळूक नसते, म्हणून खोड उंच आणि किरकोळ होते. पंखा लावा म्हणणाऱ्यांचे म्हणणे अर्धेच खरे: पंख्याने खोड जाड होईल, पण मुळाला पकड कुठून येणार?

मग बुटकी जात लावा, शेंडे खुडा, फळे विरळ करा, आधाराची कटकटच नको, असाही सल्ला मिळतो. लवंगीसारख्या बारीक मिरचीला तो पुरतो. पण मिरची मुळात बहुवर्षायू आहे. शेतात आपण तिला हंगामापुरती ठेवतो. विदर्भाचा मे सोसून तिला पुढच्या वर्षी फळाला आणायची, म्हणून तर तिला खोलीत घेतले, कारण पारा पस्तिशीच्या वर गेला की ढोबळीची फुले गळतात. एवढे करून तिला बुटकी ठेवायची म्हणजे घर बांधून ओसरीवर निजण्यासारखे आहे. पॉलीहाउसमध्ये म्हणूनच दोन ते चार फांद्या राखून प्रत्येकीला वरच्या तारेवरून एकेक दोरी सोडतात, आणि दर आठवड्याला शेंडा एकाच दिशेने वळवत नेतात.

घरच्या टबाला एवढी तार लागत नाही. काठी मात्र टबाच्या काठाला किंवा मांडणीला बांधावी, गोळ्यांत खुपसू नये. तिथे काठीच कलंडते आणि जाताना मुळे तोडते. गाठ इंग्रजी आठच्या आकड्यासारखी, दुबेळक्याच्या खाली, करंगळी आत जाईल इतकी सैल. नायलॉन मात्र बारयाच्या बंधापुढे हरते. तो वेल बांधतो लव्हाळ्यासारख्या गवताने. खोड जाड होईपर्यंत गवत कुजून आपोआप सुटते. नायलॉन कुजत नाही. खोडाला काच पडायच्या आत कुणीतरी येऊन ते सोडवावे लागते, दर पंधरवड्याला.