परगांवीं मुलांच्या खाण्याची सोय

मुलांना बरोबर घेऊन शहरांत जावयाचें ठरलें, कीं गृहिणीच्या मनांत पहिला विचार येतो तो मुलांच्या खाण्याचा. मोठीं माणसें एखादी वेळ निभावून नेतात. मुलांना तें साधत नाहीं. अमरावतीस अंबादेवीच्या दर्शनाला जावें किंवा अकोल्यास राजेश्वराच्या; दुपार होऊन धाकट्यानें भुकेची तक्रार केली, म्हणजे आज आपण जवळच्या उपाहारगृहांत शिरतों, बांकावर बसतों आणि मुलांना रुचेल तें मागवतों. ही गोष्ट आपणांस इतकी साधी वाटते, कीं तिलाहि इतिहास असेल अशी शंका सहसा येत नाहीं. परंतु श्रोतेहो, तिला इतिहास आहे, आणि तो फार जुना नाहीं.

शंभर-सव्वाशें वर्षांपूर्वीं वऱ्हाडांतील कुटुंब प्रवासाला निघे तें शिदोरी बांधून. दमणींत बिछायतीखालीं भाकऱ्या, ठेचा आणि मुलांसाठीं दशम्या असत. दशमीचें पीठ पाण्याऐवजीं दुधांत भिजवीत. ती टिके, आणि सोवळ्याओंवळ्याच्या दृष्टीनेंहि प्रवासांत चाले. पाण्यांत शिजलेलें अन्न परक्या हातचें घ्यावयाचें नाहीं, भाजलेलें वा तळलेलें घेण्यास तितकीशी हरकत नाहीं, असा तेव्हांचा सामान्य दंडक होता. म्हणून भडभुंज्याचे फुटाणे-मुरमुरे, हलवायाची जिलबी किंवा शेव मुलांच्या हातावर ठेवण्यास आजीबाई कांकूं करीत नसत. पण बाजारांतला वरणभात मात्र त्यांना कल्पनेंतहि सहन झाला नसता. आमच्या बाजारांत पोराबाळांसाठीं अजूनहि वडा, कचोरी, बोंडा असें तळणच अधिक दिसतें, त्याचें एक मूळ या दंडकांत असावें.

बाजारांतल्या खाण्याचा हा पसारा वाढला तो कापसामुळें. १८५३ सालीं वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला. पुढें १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तिकडचा कापूस विलायतेस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ सालीं मुंबईकडील लोहमार्ग नागपूरपर्यंत पोंचला. अकोला या मार्गावरच होतें. अमरावतीला बडनेऱ्याहून फांटा जोडण्यांत आला. १९०१ च्या शिरगणतींत अमरावतीची वस्ती सुमारें चौतीस हजार आणि अकोल्याची एकोणतीस हजार भरली. कापसाच्या हंगामांत गाड्यांची रीघ लागे. मारवाडी, गुजराती, कच्छी व्यापारी येथें स्थायिक झाले. वकील, कारकून आणि विद्यार्थी यांच्यासाठीं खाणावळी निघाल्या. परंतु खाणावळ ही महिन्याच्या हिशेबानें जेवणाऱ्या एकट्या पुरुषांची सोय होती. तेथें लेंकुरवाळीनें जावें कसें?

मग चहा आला. १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनांत चहा घेतल्यावरून रानडे आणि टिळक यांच्यासारख्यांवरहि ग्रामण्याचा प्रसंग आला, हें सर्वश्रुत आहे. पण १९०३ सालीं चहावर उपकर बसवून त्या पैशानें चहाचा प्रचार सुरू झाला, आणि पाहतां पाहतां स्टेशनावर व पेठेंत चहाचीं दुकानें दिसूं लागलीं. स्टेशनावर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ निराळें असे. गांवांतल्या हॉटेलांवरहि मालकाची जात सांगणाऱ्या पाट्या लागत. हॉटेलांत जाणारा मुलगा बिघडला, असें घरोघर मानीत. वडील मंडळी आंत चहा घेऊन येत. बायकामुलें गाडींतच बसून पळसाच्या पानांतून आलेला पुडा सोडीत. पुढें पडदा लावलेली ‘फॅमिली रूम’ निघाली, तेव्हां कोठें आईला मुलांसह आंत पाऊल टाकतां आलें.

परंतु ज्या मुलांना गाडींतला पुडासुद्धां सुखानें मिळत नसे, त्यांची आठवण केल्यावांचून ही हकीकत पुरी होणार नाहीं. १९०१ सालची गोष्ट आहे. सातारकडून चार मुलें वडिलांना भेटावयास कोरेगांवास निघालीं आणि मसूर स्टेशनावर उतरलीं. मुलें महारांचीं आहेत असें कळतांच त्यांना गाडी मिळेना. शेवटीं दुप्पट भाड्यानें एक मिळाली, तीहि मुलांनीं स्वतः हांकावी या अटीवर. शिदोरी भरलेली होती. वाटेंत शुद्ध पाणी मिळेना, म्हणून जेवण अर्ध्यावर टाकावें लागलें. त्या मुलांतला एक भीमराव आंबेडकर. पुढें त्यांनीं स्वतःच ही आठवण लिहून ठेवली आहे. १३ नोव्हेंबर १९२७ रोजीं अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठीं अमरावतीस जी परिषद भरली, तिचें अध्यक्षपद डॉ. आंबेडकरांकडेच होतें, पंजाबराव देशमुख त्या चळवळींत अग्रभागीं होते.

प्रश्न देवळाच्या दाराचा होता, तसाच पाणवठ्याचा आणि हॉटेलाच्या बांकाचाहि होता. कित्येक ठिकाणीं अस्पृश्याला बाहेर उभें करून वेगळ्या कपांतून चहा देत, आणि मूल सोबत असलें तरी त्यांत फरक पडत नसे. १९४७ सालीं मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारनें हरिजनांवरील सामाजिक निर्बंध दूर करणारा कायदा केला. १९५० सालीं राज्यघटना अमलांत आली. तिच्या पंधराव्या कलमांत दुकानें आणि विहिरी यांच्या जोडीनें उपाहारगृहांचाहि स्पष्ट उल्लेख आहे. १९५५ सालीं अस्पृश्यतेच्या आचरणाला शिक्षा ठरविणारा कायदा देशभर लागू झाला. पोटाच्या भुकेची एवढी साधी बाब घटनेंत लिहावी लागली, यावरूनच तिचें मोल ध्यानांत यावें.

यानंतर वऱ्हाडचें बाजारचें खाणें खऱ्या अर्थानें सर्वांचें होऊं लागलें. फाळणीनें घरदार सुटलेलें पंजाबचें शर्मा कुटुंब शेगांवास आलें आणि तेथील स्टेशनावरची त्यांची कचोरी अकोल्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्या मुलांच्या ओळखीची झाली. अमरावतीचा गिला वडा दह्याचटणींत भिजलेला असतो. तर्रीचा जाळ न सोसणाऱ्या लहानग्याला तो फार मानवतो. सांबारवडी तर आमची खास. परगांवच्या पाहुण्याला सांगावें लागतें, कीं वऱ्हाडांत सांबार म्हणजे कोथिंबीर!

तेव्हां पुढच्या खेपेस मुलांना घेऊन अशा एखाद्या साध्या उपाहारगृहांत बसाल, आणि शेजारीं दुसरें अनोळखी कुटुंब येऊन उभें राहील, तेव्हां थोडें सरकून त्यांना जागा द्या. कायद्यानें दार उघडतें. बांकावरची जागा मात्र आधीं बसलेल्यानेंच द्यावयाची असते, आणि ती कशी द्यावी हें मुलें आपल्याकडे पाहूनच शिकतात.