मानौस जलपातळी नोंद

मानौस जलपातळी नोंद म्हणजे ब्राझीलमधील मानौस बंदरात नेग्रो नदीच्या पातळीचे सप्टेंबर १९०२ पासून घेतले जाणारे दैनंदिन मोजमाप होय. ॲमेझॉन खोऱ्यातील हवामान बदलाच्या अभ्यासात या नोंदीला विशेष महत्त्व आहे.

मानौसच्या खाली काही अंतरावर नेग्रो सोलिमोइस नदीला मिळते. सोलिमोइसच्या पाण्याचा फुगवटा नेग्रोत मागे चढत असल्याने येथील मोजपट्टी अँडीजपर्यंत पसरलेल्या पाणलोटाची स्थिती दर्शवते. मात्र त्याच कारणाने केवळ पातळीवरून नेग्रोचा प्रवाह काढता येत नाही. या पाणलोटात प्रवाह अडवणारी मोठी धरणे जवळजवळ नसल्यामुळे पातळीतील चढउतार मुख्यतः पावसाचे असतात. आकडे स्थानिक संदर्भपातळीवरून घेतले जातात. ते नदीची खोली नव्हेत.

वार्षिक उच्चांक बहुधा जूनमध्ये येतो. १९५३ मधील २९.६९ मीटरचा उच्चांक ५६ वर्षे टिकला, त्यानंतर २००९ (२९.७७), २०१२ (२९.९७) आणि २०२१ (३०.०२) असा तो तीनदा मोडला. नीचांकही खाली सरकला: २०१० मध्ये १३.६३, २०२३ मध्ये १२.७० मीटर, आणि २०२४ मध्ये त्याहूनही कमी. पूरवाढीचा संबंध पॅसिफिक व अटलांटिक महासागरांच्या तापमानातील फरकाशी जोडला जातो. त्यात नैसर्गिक चढउतारांचाही वाटा असल्याने ती सर्वस्वी हवामान बदलामुळे झाली असे म्हणता येत नाही.

रस्ते नसलेल्या नदीकाठच्या वस्त्यांना अन्न व औषधे होड्यांनीच पोहोचतात. २०२३ च्या दुष्काळात अनेक होड्या कोरड्या पात्रात अडकून पडल्या.